वासुदेवानंद सरस्वती (टेंबे स्वामी)

वासुदेवानंद सरस्वती (१३ ऑगस्ट १८५४ – २४ जून १९१४) हे दत्तसंप्रदायातील संन्यासी, संस्कृत व मराठी ग्रंथकार आणि स्तोत्रकार होते. ते टेंबे स्वामी या नावाने अधिक परिचित आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील नृसिंहवाडी (नरसोबाची वाडी) हे त्यांच्या उपासनेचे मुख्य क्षेत्र होते. संन्यासानंतरच्या सुमारे तेवीस वर्षांत त्यांनी हिमालयापासून तंजावरपर्यंत पायी प्रवास केला. वाहनात बसायचे नाही, पायात काही घालायचे नाही आणि द्रव्याला स्पर्श करायचा नाही, हे त्यांच्या प्रवासाचे नियम होते. दीर्घकाळच्या आजारातही त्यांनी ते पाळले.

पूर्वजीवन

त्यांचा जन्म तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील माणगाव (आजचा कुडाळ तालुका, सिंधुदुर्ग जिल्हा) येथे झाला. वडिलांचे नाव गणेशभट्ट व आईचे रमाबाई. वडीलही दत्तभक्त होते. वासुदेवशास्त्री या नावाने ते परिसरात वेदविद्या व ज्योतिष यांचे जाणकार म्हणून ओळखले जात. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. पत्नीचे नाव अन्नपूर्णाबाई.

तरुणपणीच त्यांना नृसिंहवाडीची ओढ लागली. कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावरील हे क्षेत्र नृसिंह सरस्वतींच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध आहे. कोकणातील माणगावाहून तेथे जायचे म्हणजे सह्याद्रीचा घाट चढून देशावर यावे लागे. ही वाट ते पायी चालून जात. वाडी येथील गोविंदस्वामी यांच्याकडून त्यांना उपासनेचा मार्ग मिळाला. कागल येथून आणलेल्या दत्तमूर्तीची त्यांनी १८८३ मध्ये माणगावात स्थापना केली. तेथे सुमारे सात वर्षे पूजाअर्चा चालली आणि गावाला क्षेत्राचे स्वरूप येऊ लागले.

गृहत्याग व संन्यास

मंदिराचा लौकिक वाढत असतानाच १८८९ मध्ये त्यांनी पत्नीसह माणगाव सोडले. हा निर्णय दत्तात्रेयांच्या आज्ञेवरून झाला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. घर व स्वतः उभारलेले मंदिर मागे ठेवून पतिपत्नी वाडीस आली आणि पुढे तीर्थयात्रा करीत राहिली. गोदावरीकाठच्या गंगाखेड येथे १८९१ मध्ये अन्नपूर्णाबाईंचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी तेथेच संन्यास घेतला. पुढे उज्जैन येथे नारायणानंद सरस्वती यांच्याकडून त्यांना दंड व वासुदेवानंद सरस्वती हे नाव मिळाले.

पादभ्रमण

संन्यासधर्मानुसार पावसाळ्यात एके ठिकाणी राहायचे आणि एरवी चालत राहायचे, असा त्यांचा क्रम होता. बरोबर दंड, कमंडलू, मोजकी वस्त्रे, पूजेचे साहित्य व थोड्या पोथ्या एवढेच सामान असे. अन्न भिक्षेचे. मागून येणारे शिष्य पुष्कळदा असत. परंतु नियमांचा भार त्यांनी दुसऱ्यावर टाकला नाही.

हा काळ रेल्वेच्या विस्ताराचा होता. ज्या १८९१ साली त्यांनी संन्यास घेतला, त्याच वर्षी मिरज–कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. यात्रेकरूंची पायपीट त्यामुळे कमी होऊ लागली होती. स्वामींनी मात्र गाडीचा उपयोग केला नाही.

पहिला चातुर्मास उज्जैन येथे व दुसरा गंगाकाठच्या ब्रह्मावर्त (बिठूर) येथे झाला. नंतरची काही वर्षे बदरी-केदार, गंगोत्री व हरिद्वार या परिसरात गेली. केदारनाथ सुमारे ३,५०० मीटर, तर बदरीनाथ व गंगोत्री ३,००० मीटरहून अधिक उंचीवर आहेत. त्या काळी तेथे मोटाररस्ते नव्हते. यात्रेकरू नदीच्या कडेने पाऊलवाटा चढत आणि मार्गावरील चट्ट्यांवर रात्र काढीत. कोकणच्या उष्ण हवेत वाढलेल्या स्वामींनी ही चढण अनवाणी केली.

पुढे पेटलाद (१८९७), तिलकवाडा (१८९८), द्वारका (१८९९), चिखलदा (१९००) व महत्पूर (१९०१) असे मुक्काम झाले. ब्रह्मावर्तातील आणखी तीन चातुर्मासांनंतर ते नरसी (१९०५), बडवाह (१९०६), तंजावर (१९०७), मुक्त्याला (१९०८), पवनी (१९०९), हावनूर (१९१०) व कुरवपूर (१९११) येथे राहिले. १९१२ चा चातुर्मास पुन्हा चिखलदा येथे व १९१३ चा गरुडेश्वर येथे झाला. या यादीत नृसिंहवाडी नाही. वाडीस ते वेळोवेळी येत. परंतु संन्यासानंतरचा एकही चातुर्मास त्यांनी तेथे केला नाही.

या साऱ्या प्रवासात त्यांना संग्रहणीचा विकार होता. भिक्षान्नावर राहणाऱ्यास पथ्य सांभाळणे कठीण असते. तरीही त्यांनी विश्रांतीसाठी नियम शिथिल केले नाहीत.

ग्रंथरचना

सतत फिरणाऱ्या या संन्याशाने विपुल लेखन केले. दत्तपुराण, द्विसाहस्री व त्रिशती गुरुचरित्र हे संस्कृत ग्रंथ, तसेच दत्तमाहात्म्य व सप्तशती गुरुचरित्रसार हे मराठी ओवीबद्ध ग्रंथ त्यांचे आहेत. नद्या व तीर्थे यांवर त्यांनी अनेक स्तोत्रे रचली. १९०५ मधील करुणात्रिपदी नृसिंहवाडीच्या मंदिरात आजही नित्य म्हटली जाते.

आचार व मर्यादा

स्वामींचा आचार कर्मठ होता. सोवळेओवळे व वर्णाश्रमधर्म ते काटेकोरपणे पाळत आणि भिक्षा ब्राह्मणांच्या घरीच घेत. याच काळात कोल्हापुरात वेदोक्त प्रकरणावरून वाद पेटला होता आणि राजर्षी शाहू महाराजांनी धार्मिक अधिकारांचा प्रश्न समाजापुढे आणला होता. त्या पार्श्वभूमीवर स्वामींचे जीवन परंपरेच्या बाजूचे दिसते. त्यांची निरिच्छता व सोशिकता यांचा आदर करतानाच ही मर्यादाही अभ्यासकाने ध्यानात घ्यावी लागते.

अखेर

शरीर थकल्यावर नर्मदाकाठचे गरुडेश्वर (गुजरात) हा त्यांचा शेवटचा मुक्काम ठरला. तेथे २४ जून १९१४ रोजी, आषाढ शुद्ध प्रतिपदेस, त्यांनी देह ठेवला. देह नर्मदेत विसर्जित करण्यात आला.

शिष्यपरंपरा

नारेश्वरचे रंग अवधूत व पुण्याचे गुळवणी महाराज हे त्यांच्या परंपरेतील प्रमुख सत्पुरुष होत. गुळवणी महाराज (१८८६–१९७४) हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील कुडुत्री गावचे. माणगाव, नृसिंहवाडी व गरुडेश्वर या स्थानांशी स्वामींची स्मृती विशेष जोडलेली आहे. त्यांच्या चातुर्मासांच्या ठिकाणी जाणारे भाविक आज बहुधा वाहनाने ती यात्रा करतात. स्वामींनी ते सारे अंतर पायी तोडले होते.