जेन ॲडम्स : चुकलेल्या मुलांची कैवारी

कोवळ्या वयात गुन्हा करून बसलेल्या मुलाला शिक्षा सर्वच देतात. त्याच्या मनाची विचारपूस कोण करतो? ही विचारपूस न्यायालयाच्या दारी नेणाऱ्या स्त्रियांमध्ये आम्ही जेन ॲडम्स ह्यांचे नाव आदराने घेतो.

जेनबाईंचा जन्म १८६० साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, सीडरव्हिल गावी झाला. त्या दोन वर्षांच्या असतानाच आई वारली. १८८१ साली वडीलही गेले. त्यांनी वैद्यकीय शिक्षण आरंभले. परंतु पाठीच्या कण्याचे दुखणे आणि मनाची खिन्नता ह्यांमुळे ते सोडावे लागले. पुढील कित्येक वर्षे उदासीनतेत गेली. १८८८ साली लंडनमध्ये, गरिबांच्या वस्तीत राहून सेवा करणारी टॉयन्बी हॉल ही संस्था त्यांनी पाहिली व त्यांना वाट सापडली. पुढच्याच वर्षी एलेन स्टार ह्या मैत्रिणीसह त्यांनी शिकागो शहरात हल हाऊस उघडले.

भोवती परदेशांतून आलेल्या मजुरांची दाट वस्ती होती. मुले रस्त्यांवर भटकत, आगगाडीच्या डब्यांतला कोळसा चोरत आणि सापडली की मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगात पडत. जेनबाई, त्यांच्या सहकारी ज्युलिया लॅथ्रप, ल्यूसी फ्लॉवर इत्यादी स्त्रियांनी नेट धरला. १८९९ च्या जुलैत अमेरिकेतील पहिले बालन्यायालय शिकागोत सुरू झाले. प्रोबेशन अधिकाऱ्यांच्या पगाराची सोय कायद्यात नव्हती. ती ह्या स्त्रियांनी पैसे जमवून केली.

तरीही तीच मुले पुनःपुन्हा न्यायाधीशापुढे येत. म्हणून १९०९ साली, एथेल डमर ह्यांच्या देणगीतून, मुलांच्या मनाची तपासणी करणारी संस्था डॉ. विल्यम हीली ह्यांच्या हाती देण्यात आली. डॉक्टर मुलाचे शरीर, बुद्धी व घरची स्थिती पाहत आणि त्याची हकीकत त्याच्याच तोंडून ऐकून घेत. गुन्हेगारी रक्तातच असते, असा समज तेव्हा प्रबळ होता. हीलींना मात्र सर्वांना लागू पडणारे एकच कारण सापडले नाही. प्रत्येक मुलाची कथा निराळी निघाली. कित्येकांच्या चोरीमागे मनात दडपून ठेवलेली एखादी व्यथा होती.

१९३१ साली जेनबाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले व १९३५ साली त्यांचा अंत झाला. प्रिय वाचकहो, आपल्या घरात वा शेजारी एखादे मूल वाट चुकले, तर हात उगारण्यापूर्वी आपण त्याच्याजवळ बसावे आणि त्याचे सर्व सांगून होईपर्यंत ऐकावे. गरज दिसल्यास त्याला मनाच्या डॉक्टरांकडे न्यावे. त्यात लाज कसली?