विचारून समजावणारे गाडगेबाबा

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका म्हटली की तथागत बुद्धांवर आणि परमपूज्य बाबासाहेबांवर लेख असतातच, आणि ते असलेच पाहिजेत. यंदा त्यांच्या जोडीला आम्ही अशा एका माणसाचं चरित्र देत आहोत, ज्यांनी धम्मदीक्षा घेतलेली नव्हती आणि ज्यांच्या तोंडी आयुष्यभर गोपाळाचं भजन होतं. तरीही त्यांचा फोटो आपल्या कितीतरी घरांत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी दिसतो. ते म्हणजे गाडगेबाबा.

त्यांचंच चरित्र का निवडलं, ते आधी सांगतो. विहारात माणसं येतात ती फक्त वंदनेसाठी येत नाहीत. कुणाचा नवरा पगाराच्या दिवशी घरी सरळ चालत येत नाही. कुणी मुलीच्या लग्नासाठी व्याजाने पैसे काढून बसलेलं असतं. कुणाचं कर्तं पोर गेलेलं असतं. ही माणसं कोपऱ्यात बसतात आणि बोलत नाहीत. आपण कार्यकर्ते मग काय करतो? पंचशील समजावून सांगतो, दोन शब्द सुनावतो आणि आपलं कर्तव्य झालं असं मानतो. पण नुसत्या उपदेशाने बाटली खाली ठेवणारा माणूस विरळाच. गाडगेबाबांनी पन्नास वर्षं हेच काम केलं. ते त्यांनी कसं केलं, हे आपल्याला कळायला हवं.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात एका परीट कुटुंबात झाला. नाव डेबूजी, वडील झिंगराजी जानोरकर, आई सखुबाई. झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि त्यातच मेले. डेबूजी तेव्हा लहान होता. सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आल्या. डेबूजीने तिथे गुरं राखली, शेतात राबला आणि पट्टीचा शेतकरी झाला. शाळेचं तोंड मात्र त्याने पाहिलं नाही.

दापुऱ्याला दुसरा घाव बसला. मामा चंद्रभान यांनी सावकाराचं कर्ज काढलेलं होतं. मामांना लिहिता वाचता येत नव्हतं. कागदावर काय लिहिलंय ते सावकारालाच ठाऊक. हातची जमीन गेली आणि त्या धसक्याने मामाही गेले. बाप दारूने गेला, मामा कर्जाने गेला, आणि दोन्हींच्या मुळाशी अक्षरशत्रुत्व होतं. पुढे बाबांनी हजारो गावांत जे सांगितलं ते कुठल्या पोथीतून काढलेलं नव्हतं. ते त्यांच्याच घरात घडलेलं होतं.

१८९२ साली त्यांचं लग्न कुंताबाईंशी झालं. पहिली मुलगी झाली. त्या काळी बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यायची रीत होती. नाही दिली तर जात नावं ठेवायची. डेबूजीने त्या दिवशी पंगतीला गोडधोड वाढलं. लोक चिडले, कुजबुजले, पण जेवून गेले. भाषण न करता रीत मोडण्याचा हा त्यांचा पहिला धडा म्हणायला हवा. दारू पिऊ नका असं सांगत बसण्याऐवजी दारूवाचून बारसं होतं हे त्यांनी पंगतीत दाखवून दिलं.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि फुटकं गाडगं. ते गाडगं डोक्यावर घालायचे आणि त्यातच भाकरतुकडा घेऊन खायचे. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की आधी रस्ता झाडायला घ्यायचे. लोक वेडा समजून हसायचे. संध्याकाळपर्यंत दोन-चार जण हातात झाडू घेऊन मागे यायचे, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन व्हायचं.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. पौषात तिथे यात्रा भरते. तिथे आंघोळ केली की माणूस ऋणातून सुटतो अशी लोकांची समजूत. काठावर चिखल, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पाय घसरायचे. बाबांनी लोकांना कामाला लावलं आणि तिथे घाट बांधला. ज्यांच्या मामाची जमीन कर्जात गेली, त्यांना आंघोळीने कर्ज फिटत नाही हे काय सांगायला हवं? पण त्यांनी कुणाच्या श्रद्धेची टिंगल केली नाही. आधी पाय ठेवायला धड पायरी करून दिली आणि मग कर्जाचा विषय काढला. माणूस आधी उभा राहिला पाहिजे, मग तो ऐकतो.

आता त्यांच्या कीर्तनाकडे वळू, कारण खरं मर्म तिथेच आहे. कीर्तनकार उंचावर बसून निरूपण करतो आणि श्रोते माना डोलावतात, ही नेहमीची रीत. बाबा ठेठ वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारायचे. देव कुठे राहतो, नवसाला बकरं कापलं तर ते कोण खातं, सण साजरा करायला कर्ज का काढलं, पोरगं शाळेत का जात नाही. लोक एका आवाजात उत्तर द्यायचे, बाबा त्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढायचे. असं करत करत शेवटी निष्कर्ष लोकांच्याच तोंडून बाहेर पडायचा. जो निष्कर्ष आपण आपल्या तोंडाने चारचौघांत बोललो, तो दुसऱ्या दिवशी नाकारणं अवघड जातं. बाबांना हे चांगलं कळलेलं होतं.

दुसरी गोष्ट, ते नाव घेऊन कुणाला बोल लावत नसत. गोष्ट सांगायचे ती कुठल्याशा गावच्या कुणा एकाची. दारू त्या गोष्टीत घरात कशी शिरते, भांडी कशी नेते, बायकोच्या अंगावरचं लुगडं कसं नेते. ऐकणारा दारुडा मान खाली घालत नसे, कारण त्याला कुणी दारुडा म्हटलेलंच नसे. तो त्या चोराला ओळखायचा. घरात चोर शिरलाय हे कळलं की घरधनी घराच्या बाजूने उभा राहतो. तुझ्यातच खोट आहे असं त्याला म्हटलं, तर तो उलट दारूच्या बाजूने उभा राहतो.

समुपदेशनाच्या शास्त्रात ही रीत अलीकडे नव्याने मांडली गेली. ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी १९८० च्या दशकात ती बांधली. माणूस वेगळा आणि त्याची अडचण वेगळी धरावी, त्याची कहाणी त्यालाच सांगू द्यावी, तो जिंकला तो एखादा दिवस शोधून काढावा आणि ती नवी कहाणी त्याच्या माणसांच्या साक्षीने पक्की करावी, असा त्यांचा विचार. चर्चमध्ये लोकांची दुःखं ऐकणारे पाद्रीसुद्धा आता ही रीत वापरतात. बाबांनी यातलं काही वाचलेलं असणं शक्यच नव्हतं, पण त्यांचं कीर्तन याच रस्त्याने चालायचं.

आणि आपल्याला हा रस्ता नवा आहे का? किसागोतमी मेलेलं लेकरू कडेवर घेऊन भगवान बुद्धांकडे आली, तेव्हा त्यांनी तिला अनित्यतेवर प्रवचन दिलं नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहऱ्या आणायला पाठवलं. ती दारोदार फिरली. प्रत्येक दारात तिला एकेका मरणाची कहाणी ऐकायला मिळाली. गावभर ऐकत फिरल्यावर तिला जे उमगलं, ते तिचं स्वतःचं होतं.

बाबांवर हीच वेळ १९२३ साली आली. कोकणात खारेपाटणला त्यांचं कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची खबर आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. मरण घरोघरचं आहे, एकट्या आपल्या पोरासाठी काय म्हणून रडावं, असा भाव त्यांनी लोकांपुढे मांडला आणि भजन पुढे चालू ठेवलं. याचं कौतुक सगळेच करतात, आम्हीही करतो. पण इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या रात्री गोविंदची आई कुंताबाई कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली असेल? नवरा घर सोडून गेला, पोरं तिने वाढवली, आणि तरणा मुलगा गेला. बाबांच्या चरित्रात तिच्या वाट्याला चार ओळी येतात. जगाची कहाणी ऐकणाऱ्या माणसाच्या घरातली कहाणी कमीच ऐकली गेली. हे म्हटल्याने बाबा लहान होत नाहीत. आपल्या विहारातसुद्धा पुरुष माणूस अध्यक्ष, सचिव म्हणून बोलतो आणि त्याच्या घरची बाई मागे चहाची भांडी विसळते. तिलाही काही सांगायचं असेल, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

बाबांनी लोकांकडून मिळालेला पैसा स्वतःसाठी वापरला नाही. नाशिक, आळंदी, पंढरपूर अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलला येणाऱ्या गोरगरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोय झाली. या इमारतींवर आपल्या घरच्या माणसांचा हक्क राहणार नाही अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. पाया पडायला कुणी वाकलं की ते काठी उगारायचे. शिष्य केला नाही, गादी मांडली नाही.

पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना कुठल्या धर्मशाळेत थारा नव्हता. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली ती वास्तू त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला मुलांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. वारकऱ्यांच्या मुक्कामाच्या जागी पोरांनी पुस्तकं उघडावीत, यातच त्यांचा कल दिसून येतो. दोघांची वाट वेगळी होती. बाबासाहेबांनी ग्रंथ लिहिले, घटना लिहिली, कायदा हातात घेतला. बाबांना अक्षर येत नव्हतं. पण माणसाची गुलामी त्याच्या डोक्यात असते आणि ती आधी तिथून काढली पाहिजे, हे दोघांनाही पटलेलं होतं.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मक्रांती झाली. त्यानंतर पंचवीस दिवसांनी, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी, वांद्र्याला पोलीस स्टेशनच्या आवारात गाडगेबाबांचं कीर्तन झालं. आपल्या जोगेश्वरीहून धिम्या लोकलने वांद्रे पाचवं स्टेशन. तेव्हा बाबा ऐंशीचे होते, शरीर थकलेलं होतं. त्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. त्यातही प्रश्नच आहेत. आणि त्यात बाबासाहेबांचं उदाहरण आहे. त्यांच्या वडिलांना मुलाला शाळेत घालायची बुद्धी झाली, आणि त्या मुलाने देशाची घटना केली, हे बाबा लोकांना समजावतात. घरात ताट नसलं तरी चालेल, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांचा आग्रह आहे. ज्याचा मामा कागद न वाचता आल्यामुळे मेला, त्याचं हे जवळजवळ शेवटचं सांगणं होतं.

६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. बरोबर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. एकाच महिन्यात महाराष्ट्रातल्या गरिबाचे दोन आधार गेले.

पुढे सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. हे चांगलंच झालं. पण त्यामुळे गाडगेबाबा म्हणजे खराटा, एवढंच आपल्या मुलांच्या डोक्यात राहिलं. खराटा तर दिवसा हातात असायचा. रात्री कीर्तनात ते जे करायचे, ते आपण विसरलो.

म्हणून उपासक-उपासिकांना आमची विनंती आहे. वस्तीत कुणाचं घर दारूने किंवा कर्जाने पोखरलं जात असेल, तर चार जणांनी जाऊन त्याला सुनावू नका. एकाने जा, जमिनीवर बसा आणि विचारा. हे घरात कधी शिरलं, त्याने काय काय नेलं, कुठल्या दिवशी तू त्याला दारातून परत पाठवलंस. तो दिवस एकच असेल, पण असतोच. त्याच्या बायकोलाही विचारा, आणि ती बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका. मयताच्या घरी गेलो की पुण्यानुमोदनाची भाषणं लवकर आटोपा आणि गेलेल्या माणसाबद्दल घरच्यांना सांगू द्या. व्यसन सुटलेल्या माणसाला पौर्णिमेच्या दिवशी विहारात आपली हकिकत सांगावीशी वाटली, तर त्याला पुढे बसवा. त्याला टाळ्या नकोत, साक्षीदार हवे आहेत.

आपल्या विहारात बुद्धमूर्ती आहे, बाबासाहेबांची प्रतिमा आहे, ग्रंथ आहेत. ऐकणारा कान प्रत्येकाने घरून आणायचा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!