मिळेल तो विषय शिकवणारे गोखले सर

आपल्या वर्गातले निम्मे मित्र शिक्षक झाले. म्हणून या स्मरणिकेसाठी राजकारणातले नव्हे, वर्गातले गोपाळ कृष्ण गोखले निवडले. कोल्हापूरचे पाणी प्यायलेला हा माणूस.

जन्म ९ मे १८६६, गुहागरजवळच्या कोतळूकचा. वडील कागलला नोकरीला. १८७९ मध्ये ते गेले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून कागलात पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्याला पाठवले. उरलेल्या सातांत घर कसे चालले असेल, याचा हिशेब करवत नाही. गोपाळ १८८१ ला मॅट्रिक झाला, राजाराम कॉलेजात शिकला आणि १८८४ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाला. वय अठरा.

पुढच्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर, पगार पस्तीस रुपये. मुलांना अंकगणित शिकवता शिकवता त्यांचे पुस्तक तयार झाले. ते वर्षानुवर्षे शाळांतून चालले. फर्ग्युसनमध्ये आधी इंग्रजी. टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले. ते गणित शिकवत; पुढे गणितही गोखल्यांकडे आले. नंतर इतिहास आणि अर्थशास्त्र. संस्थेला नड असेल तो विषय ते घेत, म्हणून लोक त्यांना हुकमी प्राध्यापक म्हणत. त्यात थोडी थट्टाही असावी.

आम्हा मास्तरांना यातली मेख कळते. गणिताच्या तासाला फळ्यावर एकेक पायरी मांडत सगळ्यांना बरोबर न्यावे लागते. तोच खाक्या इतिहासाला लावला की वर्ग झोपतो. तिथे मुलांना बोलू द्यावे लागते. विषय बदलला की आपला वर्गातला रुबाबही बदलावा लागतो, आणि हे पहिल्या वर्षी कोणालाच जमत नाही. मला तर पाच वर्षे लागली! गोखल्यांचे भांडवल पाठांतर आणि रात्रीची तयारी. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली आकडे तपासायची शिस्त लागली, ती अर्थशास्त्राला कामी आली.

१९०२ मध्ये तीस रुपये पेन्शनवर ते निवृत्त झाले. मार्च १९११ मध्ये त्यांनी कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. वर्षभराने ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले वारले. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणारा कायदा केला, तो आपल्या करवीर संस्थानात.