तिकीट लावून गाणारी बाई

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या आधीची गोष्ट. सुगम संगीताच्या कार्यक्रमाला तिकीट ठेवायचे आणि जमेल ती रक्कम गरजू विद्यार्थ्यांच्या फीसाठी द्यायची, असे ठरले होते. गाणाऱ्या मुलींच्या यादीत माझे नाव होते. मी घरी सांगितले. आई गप्प राहिली, वडिलांनी वर पाहिले नाही. आजी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता ती एवढेच म्हणाली की, तिकीट लावून गाणारी बाई आपल्या घरात आजवर झालेली नाही.

आम्ही मूळचे वेल्हे तालुक्यातले. आता पर्वतीच्या पायथ्याला राहतो. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. दहावीच्या पुढे गेलेली आमच्या भावकीत मी पहिलीच मुलगी. त्यामुळे कॉलेजला येते हेच मोठे, त्यावर आणखी हट्ट कसला करणार? मी नाव काढून घेतले. कार्यक्रमाच्या दिवशी दाराशी उभी राहून तिकिटे फाडली आणि दार लावल्यावर भिंतीला टेकून गाणी ऐकली.

मराठी विभागाच्या बाईंनी मला विचारले की यादीत नाव असून गायली का नाहीस. मी खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. सत्राचा निबंध हिराबाई बडोदेकरांवर लिही, म्हणाल्या. हे नाव मी ऐकले होते. पण खरे सांगायचे तर त्या पुण्यात राहत होत्या हेही मला ठाऊक नव्हते. ग्रंथालयात महिनाभर बसून जे कळले, ते या लेखात सांगत आहे.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेला झाला. वडील किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. खाँसाहेब बडोद्याला दरबारी गवई होते. तिथे दोघांची मने जुळली आणि दोघांनी मिळून बडोदे सोडले. मुसलमान गवई आणि मराठा सरदाराची लेक, तेही सव्वाशे वर्षांपूर्वी! आज आमच्या वाडीत असे कुणी केले तर काय होईल ते लिहीत बसत नाही. त्यांना पाच मुले झाली. त्यांतल्या या मुलीचे पहिले नाव चंपाकली. पुढे १९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. तेव्हा घर म्हणजेच गाण्याची शाळा, असे या मुलांचे बालपण गेले.

मग घर फुटले. ताराबाई पाचही मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. हिराबाई तेव्हा विशीच्या आतच होत्या. ताराबाईंनी मुलांची नावेच बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई, गुलाबची कमलाबाई, सकीनाची सरस्वती. मुलगे माने झाले. मुलींनी ज्या गावातून आईला निघावे लागले त्याच गावाचे आडनाव लावले, बडोदेकर. इथे मी वाचताना बराच वेळ थांबले. शाळेत घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख एक जून करून टाकली, त्याचे मला अजून हसू येते आणि थोडा रागही येतो. इथे तर हाक मारायचे नावच बदलले! त्या मुलीला काय वाटले असेल? ताराबाईंचा हेतू मात्र मला समजतो. पुण्याच्या सभागृहात आपली मुलगी गायला बसेल तेव्हा लोकांनी आधी गाणे ऐकावे, असे त्यांना वाटले असावे.

गाण्याचे शिक्षण हिराबाईंना मिळाले ते भाऊ सुरेशबाबूंकडून आणि किराणा घराण्याचेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. एकेका सुरावर थांबत, घाई न करता राग उलगडत नेणे ही या घराण्याची रीत. मी शास्त्रीय संगीत शिकलेली नाही, तेव्हा याहून अधिक बोलणे लहान तोंडी मोठा घास होईल. एवढे सांगते की त्यांचे जुने ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकले तेव्हा आवाज चढवलेला कुठेच वाटला नाही, आणि तरी तो खोलीभर भरला.

आता तिकिटाकडे येते, कारण माझा सगळा जीव तिथेच अडकला आहे.

त्या काळी बाईने गावे अशा जागा दोनच होत्या. एक घरातली. ओव्या, आरत्या, हळदीकुंकवाची गाणी. ऐकणाऱ्या बायकाच, पैशाचा प्रश्नच नाही. दुसरी बैठकीची. श्रीमंताच्या दिवाणखान्यात कलावंतीण गाणार, तो म्हणेल तेव्हा सुरू करणार, तो म्हणेल ते गाणार, आणि बिदागी त्याच्या मर्जीवर. गाणे कितीही उंचीचे असो, बाईकडे पाहण्याची नजर ठरलेली. घरंदाज म्हणवणाऱ्या बाईला लोकांसमोर गाण्याची वाट या दोहोंत कुठेच नव्हती.

हिराबाई सोळा-सतरा वर्षांच्या असताना विष्णू दिगंबर पलुस्करांच्या मुंबईतल्या संगीत परिषदेत गायल्या. त्यानंतर १९२० च्या दशकातच त्यांनी स्वतःचे जलसे तिकीट लावून करायला सुरुवात केली. आपल्याकडे असे करणारी पहिली गायिका म्हणून त्यांचेच नाव घेतात. वरवर पाहता ही गोष्ट किती साधी! सभागृह घ्यायचे, वेळ जाहीर करायची, दाराशी तिकीट विकायचे. पण विचार करता करता माझ्या लक्षात आले की सगळा फरक त्या कागदाच्या कपट्यात आहे. तिकीट घेणारा खुर्ची विकत घेतो, गाणारणीला नाही. पैसे दाराशी मोजले की त्याचा हक्क तिथेच संपतो. काय गायचे, किती वेळ गायचे, कुठे थांबायचे हे गाणारी ठरवते. शेजारच्या खुर्चीवर कारकून बसो की जहागीरदार, दोघांना गप्प बसूनच ऐकावे लागते. आमच्या घरी तिकीट म्हणजे अब्रू गेली असे वाटत होते. हिराबाईंच्या बाबतीत तिकिटानेच अब्रू राखली!

त्या बसायच्याही वेगळ्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, मांडी घालून स्थिर बैठक, हातवारे नाहीत, डोळ्यांची अदा नाही. ज्याला पाहायचे होते त्याला पाहण्यासारखे काही ठेवलेच नव्हते. ऐकण्यासारखे तेवढे होते. ध्वनिमुद्रिकांनीही हेच काम केले. आपल्या देशात गौहर जानने १९०२ साली पहिल्यापैकी तबकड्या दिल्या तेव्हापासून गाणाऱ्या बाईचा आवाज तिच्याविना फिरू लागला होता. हिराबाईंच्या तबकड्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या, ज्या घरांनी गाणाऱ्या बाईला उंबऱ्याच्या आत घेतले नसते अशाही घरांत वाजू लागल्या. त्या ऐकून घरोघरच्या मुली गायला शिकल्या.

नाटकाचा भाग मात्र दुःखाचा आहे. ताराबाईंनी नूतन संगीत विद्यालय काढले होते. १९२९ च्या सुमारास त्याची नाट्यशाखा उभी राहिली. तेव्हा रंगभूमीवर बालगंधर्वांचे राज्य. बायकांच्या भूमिका पुरुषांनी करायच्या आणि त्या पाहून बायकांनी पदर कसा घ्यावा ते शिकायचे! अशा वेळी हिराबाई सुभद्रेच्या भूमिकेत उभ्या राहिल्या, भाऊ-बहिणींसह. बायका आणि पुरुष एकाच रंगमंचावर. स्वतःची कंपनी, स्वतःचा खर्च, स्वतःचे नुकसान. १९३२ पासून मराठी बोलपट आले, प्रेक्षक तिकडे वळले आणि काही वर्षांत कंपनी कर्जात बुडाली. हे कर्ज हिराबाईंनी गाऊन फेडले. गावोगावी जलसे करून, एकेक मैफलीच्या पैशांतून. त्यांच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मला हे मोठे वाटते. आमच्या घरी सावकाराचे देणे फिटायला सात वर्षे लागली होती. देणेकऱ्याने दाराशी यावे आणि माणसाने तरी त्याच दिवशी कामावर जाऊन ओझे उचलावे, ते कसे असते हे मी पाहिले आहे. गळा तर ओझ्याहून नाजूक.

वसतिगृहात राहणारी माझी एक मैत्रीण इंग्रजी गाण्यांची वेडी. तिला हे सगळे सांगितले तर तिने मला लंडनच्या ‘द रेनकोट्स’ या वाद्यवृंदाची गाणी ऐकवली. जीना बर्च आणि ॲना द सिल्व्हा या कलाशाळेतल्या दोन मुलींनी तो १९७७ साली सुरू केला. वाद्यांवर फारसा हात बसलेला नसतानाच त्या लोकांसमोर वाजवू लागल्या, आणि १९७९ साली त्यांची पहिली तबकडी ‘रफ ट्रेड’ने काढली. मोठी कंपनी नव्हे. दुकानातून वाढलेला छोटा उद्योग. मला ते संगीत पहिल्यांदा कर्कश वाटले, दुसऱ्यांदा कमी वाटले. कोणा मालकाच्या मर्जीवाचून मुली आपले गाणे आपण उभे करतात, याचे तिथे मोठे कौतुक झाले. कौतुक व्हायलाच हवे. पण पुण्यामुंबईत त्याच्या पन्नास वर्षे आधी एक मुलगी हेच करून कर्जही फेडत होती, हे मी मैत्रिणीला जरा मोठ्याने सांगितले.

माझी एक तक्रारही आहे. हिराबाईंनी वाट काढली ती सोज्वळ राहून. त्यामुळे ज्या बायका सोज्वळ दिसत नव्हत्या त्या मागेच राहिल्या. बैठकीच्या गायिका, फडावरच्या लावणीवाल्या, यांनीही तिकिटावरच गायले-नाचले आणि घरे पोसली. आमच्याच जिल्ह्यातल्या नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांना राष्ट्रपतींचे पदक मिळाले, पण २००२ साली त्या गेल्या तेव्हा हातात काही उरले नव्हते. हा दोष हिराबाईंचा नाही, ऐकणाऱ्यांचा आहे. आमच्या आजीच्या मनातही गाणारी बाई म्हटली की दोन वेगळे कप्पे आहेत. माझ्याही मनात होते, हे कबूल केले पाहिजे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते, कारण संपादकांनी पाने मोजून दिली आहेत. १९३७ साली खाँसाहेब दक्षिणेत प्रवासात असताना वाटेतल्या एका लहान स्टेशनावर वारले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. लेकीने त्यांचे नाव लावले नाही, पण तिने षड्ज लावला की जाणकार बापाला ओळखत. सुरेशबाबू १९५३ साली गेले. हिराबाई आणि सरस्वतीबाई राणे या दोघी बहिणी जुगलबंदी गाऊ लागल्या. दोन बायकांनी एका मंचावर असे गाणे हीही तेव्हा नवलाईच होती. हिराबाई आफ्रिकेत आणि चीनमध्येही गाऊन आल्या. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० साली पद्मभूषण. लोक त्यांना गानहिरा म्हणत. २० नोव्हेंबर १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. सुरेशबाबूंच्या आणि त्यांच्या शिष्या प्रभा अत्रे विज्ञान आणि कायदा शिकून गाण्याकडे आल्या. भीमसेनजींनंतर सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता वर्षानुवर्षे त्यांच्या गाण्याने होत असे. त्याही जानेवारी २०२४ मध्ये गेल्या.

निबंध बाईंना दिला. यंदाच्या कार्यक्रमालाही तिकीट आहे. मी यादीत नाव घातले आणि मग घरी सांगितले, उलट क्रमाने नाही.

त्या रात्री आजीला हिराबाईंची सगळी गोष्ट सांगितली. चंपाकलीच्या नावापाशी ती हळहळली, कर्जापाशी मान हलवली. मग तिने दोन गोष्टी विचारल्या. ही बाई एवढ्या लोकांपुढे खाली बसून गायची की उभी राहून? आणि तिकीट काढून आलेली माणसे शेवटपर्यंत गप्प बसायची का? बसून गायची, गप्प बसायची, असे मी सांगितले. आजीने पुन्हा तांदळात बोटे घातली.

वडील दाराशी चपला काढत ऐकत होते. त्यांनी कॉलेजच्या कार्यक्रमाचे तिकीट केवढ्याला आहे ते विचारले. मी आकडा सांगितला. महाग आहे, म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.