रघुनाथराव कर्वे : एकाकी लढ्याचे धनी

महर्षी धोंडो केशव कर्वे यांना १९५८ मध्ये भारतरत्न किताब मिळाला, तेव्हा त्यांच्या थोरल्या चिरंजीवांना हे जग सोडून पाच वर्षे होत आली होती. पित्याने विधवांसाठी शिक्षणाचे दार उघडले आणि समाजाने उशिरा का होईना, त्यांना डोक्यावर घेतले. पुत्राने त्याहून अवघड दार ठोठावले. मूल केव्हा व्हावे आणि केव्हा होऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीला असला पाहिजे, असे रघुनाथ धोंडो कर्वे उघडपणे सांगत राहिले. त्यांच्या वाट्याला मात्र कुचेष्टाच आली.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. आई राधाबाई १८९१ मध्ये गेल्या. दोन वर्षांनी वडिलांनी विधवेशी विवाह केला आणि मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. रूढी मोडणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते, हे रघुनाथरावांनी असे बालवयातच पाहिले.

पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९१९ मध्ये उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले आणि परतले ते संततिनियमनाचा ध्यास घेऊनच. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले, तेही याच वर्षी. नुसता उपदेश करून भागत नाही, हे रघुनाथरावांनी ओळखले होते. त्यामुळे सल्ल्याबरोबर प्रत्यक्ष साधनेही ते उपलब्ध करून देत. ज्ञान आहे पण साधन नाही, किंवा साधन आहे पण ते वापरावे कसे हे ठाऊक नाही, या दोन्ही स्थितींत भोगावे लागते ते बाईलाच, ही त्यांची भूमिका होती.

या कार्यापायी विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी त्यांना सोडावी लागली. पत्नी मालतीबाईंनी मात्र अखेरपर्यंत साथ दिली. उभयतांनी अपत्य होऊ न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला आणि पाळला.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. लेखन, संपादन आणि व्यवस्था यांचा बहुतेक भार एकट्याच्या शिरावर होता. जे प्रश्न घरात कुणालाच विचारता येत नसत, ते वाचक या मासिकाला विचारीत आणि रघुनाथराव त्यांना शास्त्राधारे, आडपडदा न ठेवता उत्तरे देत. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ मध्ये त्यांना दंड झाला. १९३४ च्या खटल्यात खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. हा खटलाही ते हरले, दंड भरला आणि मासिक चालूच ठेवले. ब्रह्मचर्य हाच संततिनियमनाचा मार्ग मानणाऱ्या महात्मा गांधींवर टीका करतानाही त्यांची लेखणी कचरली नाही.

१९४४ मध्ये मालतीबाई निवर्तल्या. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. तीन दशकांपूर्वी ज्यासाठी नोकरी गेली, तेच आता सरकारी धोरण झाले होते. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले आणि 'समाजस्वास्थ्य'ही बंद पडले.

संबंधानंतर घ्यावयाची तातडीची गर्भनिरोधक गोळी त्यांच्या काळी नव्हती. भारतात २००५ मध्ये ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना देण्यास मुभा मिळाली. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची ही गोळी ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर घ्यावी लागते. ती मुख्यत्वे स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेणे हा तर त्याहून खात्रीचा उपाय आहे. तरीही या गोळीला गर्भपाताची गोळी समजणारे पुष्कळ आहेत, आणि औषधाच्या दुकानात ती मागताना आजही अनेकींचा आवाज खाली जातो. संकोचात गेलेला प्रत्येक तास येथे महाग पडतो. साधन आले, पण त्याविषयी मोकळेपणाने बोलण्याचे धैर्य अजून सर्वांकडे आलेले नाही. रघुनाथरावांचा लढा होता तो याच संकोचाशी.