भरती-ओहोटीचा हिशेब मांडणारे संत बीड

दरवर्षी २५ मे रोजी ख्रिस्तसभा संत बीड यांचा स्मृतिदिन पाळते. इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचे इतिहासकार, पवित्र शास्त्राचे भाष्यकार आणि धर्मपंडित म्हणून त्यांची कीर्ती मोठी आहे. परंतु समुद्राच्या भरती-ओहोटीचा नियम समजून घेण्यात या संन्यस्त धर्मगुरूने जे कार्य केले, ते त्या मानाने फारसे परिचित नाही. समुद्राच्या सान्निध्यात राहणाऱ्या आमच्या वाचकांना ते जवळचे वाटेल, म्हणून हा अल्पपरिचय.

बीड यांचा जन्म इ. स. ६७३ च्या सुमारास इंग्लंडच्या ईशान्येकडील नॉर्थम्ब्रिया राज्यात झाला. वयाच्या सातव्या वर्षी नातेवाइकांनी त्यांना मठाधिपती बेनेडिक्ट बिस्कप यांच्या हाती सोपविले. वेअरमथ आणि जॅरो येथील जोडमठ हेच त्यांचे घर झाले. ६८६ साली साथीच्या रोगाने जॅरोचा मठ ओस पडला. प्रार्थनेतील स्तोत्रे गाण्यास मठाधिपती आणि एक लहान मुलगा एवढेच उरले. तो मुलगा म्हणजे बीडच असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. एकोणिसाव्या वर्षी ते डीकन झाले आणि तिसाव्या वर्षी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे त्यांनी फारसा प्रवास केला नाही. मठातील प्रार्थना, अध्यापन आणि लेखन यांतच त्यांचे आयुष्य गेले.

अशा मठवासी माणसाला समुद्राची ओढ कशी लागली? त्याचे उत्तर पुनरुत्थान सणात आहे. हा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणाऱ्या रविवारी साजरा होतो. त्याची तिथी काढायची तर चंद्राची गती अचूक मोजली पाहिजे. बीड यांच्या जन्माआधी नॉर्थम्ब्रियात या गणनेवरून मोठा वाद होता. राजा आयरिश रीतीने पुनरुत्थानाचा सण साजरा करी, तेव्हा रोमन रीत पाळणाऱ्या राणीचा उपवासकाळ संपलेला नसे. ६६४ साली व्हिटबीच्या सभेत रोमन रीत स्वीकारली गेली. तथापि, ती गणना नव्या पिढीला नीट शिकविणे आवश्यक होते. बीड यांनी ते काम हाती घेतले.

ते निर्वेध पार पडले नाही. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापर्यंत पाच हजारांहून अधिक वर्षे लोटली, अशी तेव्हा समजूत होती. बीड यांनी हिब्रू पाठाच्या आधारे तो काळ ३९५२ वर्षांचा ठरविला. त्यावरून ७०८ साली त्यांच्यावर पाखंडाचा आरोप झाला. या आरोपाने ते व्यथित झाले, पण हिशेब सोडून बसले नाहीत. आपली बाजू त्यांनी पत्राद्वारे साधार मांडली आणि १७ वर्षांनी, ७२५ साली, कालगणनेवरील आपला मोठा ग्रंथ पूर्ण केला. भरती-ओहोटीवरील प्रकरण याच ग्रंथात आहे.

चंद्राचा आणि भरतीचा संबंध प्राचीनांनाही ठाऊक होता. बीड यांनी त्याला मोजमाप दिले. चंद्राच्या दोन महिन्यांत, म्हणजे ५९ दिवसांत, चंद्र पृथ्वीभोवती ५७ वेळा फिरलेला दिसतो आणि समुद्राला ११४ वेळा भरती येते, असे त्यांनी नोंदविले. ५९ दिवसांना ११४ ने भागले तर दोन भरतींमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटे येते. आजचे शास्त्रही हेच अंतर सांगते. दररोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, ती यामुळेच.

त्यांचे दुसरे निरीक्षण याहून मोलाचे आहे. सर्व समुद्र एकाच वेळी चढतो, हे मत त्यांनी अमान्य केले. त्यांच्या उत्तरेस राहणाऱ्यांना भरती आधी येते आणि दक्षिणेकडील लोकांना नंतर, हे त्यांना ठाऊक होते. प्रत्येक बंदराची वेळ निराळी असली, तरी त्या त्या ठिकाणी चंद्राशी असलेले तिचे अंतर ठरलेले असते. वाऱ्यामुळे भरती लवकर वा उशिरा येऊ शकते, हेही त्यांनी नमूद केले. मठात बसून हे कळणे शक्य नव्हते. निरनिराळ्या किनाऱ्यांवरील लोकांच्या अनुभवाला त्यांनी ज्ञानाचा मान दिला, असे आम्हांला वाटते.

भरतीचे कारण मात्र त्यांच्या काळात उलगडले नव्हते. पुढे गॅलिलिओसारख्या थोर शास्त्रज्ञानेही १६३२ सालच्या ग्रंथात चंद्राचा प्रभाव नाकारला. १६८७ साली न्यूटन यांनी गुरुत्वाकर्षणाने त्याचा उलगडा केला. चंद्र आपल्याकडील बाजूचे पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा अधिक ओढतो आणि पलीकडच्या बाजूचे कमी. या फरकामुळे पाण्याला दोन्ही बाजूंनी फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. सूर्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहूनही कमी असतो. अमावास्येला व पौर्णिमेला दोघांचे बळ एकवटते आणि उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास ते परस्परांविरुद्ध जाते आणि भांगाची भरती येते. जमिनीचे अडथळे व समुद्राची खोली यांमुळे भरतीची लाट वळसे घेत जाते. उत्तर समुद्रात ती ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकते. बीड यांची नोंद अशी खरी ठरली.

७३५ साली, स्वर्गारोहण सणाच्या पूर्वसंध्येला, योहानकृत शुभवर्तमानाच्या भाषांतराचे शेवटचे वाक्य लेखनिकाला सांगून, पवित्र त्रैक्याचे गौरवगान करीत त्यांनी देह ठेवला. १८९९ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना धर्मपंडित घोषित केले. त्यांच्या अस्थी आज डरहॅमच्या कॅथेड्रलमध्ये आहेत.

पुनरुत्थानाचा सण पौर्णिमेपाठोपाठ येतो, म्हणून त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावरही उधाणाचे पाणी असते. आपले कोळी बांधव तिथीवरून ज्या चंद्राचा अंदाज बांधतात, त्याच चंद्रावरून ख्रिस्तसभा आपला सर्वांत मोठा सण ठरविते. श्रद्धेने मोजमापाला भिण्याचे कारण नाही, हे संत बीड यांनी आपल्या आयुष्याने दाखविले. येत्या पुनरुत्थान सणाला किनाऱ्यावर चढते पाणी दिसेल, तेव्हा जॅरोच्या या संन्याशाचे स्मरण अवश्य करावे.