फॉर्स्टर, देवास आणि स्वर्गाचे दार

अन्नपूर्णा (इंदूर) : इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिराच्या परिसरातून देवासला जायचे, तर माळव्याचे पठार ओलांडण्यास फार वेळ लागत नाही. देवासजवळ येताच गावाच्या माथ्यावरची देवीची टेकडी दिसू लागते. १९२१ साली या टेकडीच्या पायथ्याशी, एका मराठी राजाच्या पदरी, बेचाळीस वर्षांचा एक इंग्रज लेखक खासगी सचिव म्हणून सहा महिने राहिला. ई. एम. फॉर्स्टर हे त्याचे नाव. ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीचे लेखक म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. मात्र ख्रिस्ती घराण्यात जन्मलेला, समलिंगी असलेला आणि धर्माशी आयुष्यभर एक अपुरा संवाद करीत राहिलेला माणूस म्हणून त्यांचे चरित्र मराठी वाचकांपुढे क्वचितच येते.

फॉर्स्टर यांना त्यांचे नाव मिळाले तेच मुळी चर्चमधील एका चुकीमुळे. १ जानेवारी १८७९ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या या मुलाची सरकारी दफ्तरात हेन्री मॉर्गन अशी नोंद झाली होती. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव विचारले गेले, तेव्हा वडिलांनी अनवधानाने स्वतःचेच नाव सांगितले आणि बाळ एडवर्ड मॉर्गन झाले. पुढच्याच वर्षी क्षयाने वडील गेले. मुलगा आई लिली आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या छायेत वाढला.

घराण्याचा धार्मिक वारसा मोठा होता. त्यांचे पणजोबा हेन्री थॉर्नटन हे ‘क्लॅपहॅम पंथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंडळातील प्रमुख गृहस्थ. विल्यम विल्बरफोर्स यांच्यासह या मंडळाने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि १८०७ साली तो व्यापार कायद्याने बंद झाला. कंपनी सरकारच्या मुलखात मिशनऱ्यांना वाट मोकळी करणाऱ्या १८१३ च्या सनदेमागेही याच मंडळाचा आग्रह होता. हेन्री थॉर्नटन यांची कन्या मेरियन हिने मृत्युपत्रात या नातवंडासाठी ८,००० पौंड ठेवले. त्या पैशावरच फॉर्स्टर यांचे शिक्षण झाले आणि पोटाची चिंता न करता त्यांना लेखन करता आले. ज्या श्रद्धेपासून ते पुढे दूर गेले, तिच्याच कनवटीतून त्यांचे स्वातंत्र्य आले होते.

१८९७ साली ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले आणि तेथे त्यांची श्रद्धा ओसरली. त्यात नाट्य नव्हते. ह्यू मेरेडिथ या मित्राच्या सहवासात प्रश्न पडू लागले. आधी त्रैक्याचे तत्त्व डळमळले, मग ख्रिस्ताच्या व्यक्तिरेखेविषयीची ओढ कमी झाली. १९५९ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी केंब्रिजमध्ये याविषयी एक व्याख्यान दिले. शुभवर्तमानांतील ख्रिस्तात उपदेश आणि धाक पुष्कळ, परंतु विनोद फार थोडा, ही त्यांची तेथील मुख्य तक्रार होती. समलिंगी असल्यामुळे त्यांनी चर्च सोडले, असे म्हणणे म्हणूनच सरळसोट होईल. पण त्या दोन गोष्टींचे मूळ एकमेकांपासून फार दूर नव्हते, हे त्यांच्या लेखनातूनच कळते.

इंग्लंडमध्ये १८८५ पासून पुरुषांमधील प्रेमसंबंध हा तुरुंगवासाचा गुन्हा होता. १८९५ साली ऑस्कर वाइल्ड यांना शिक्षा झाली, तेव्हा फॉर्स्टर सोळा वर्षांचे होते. स्वतःच्या ओढीची जाणीव त्यांना तरुणपणीच झाली होती. १९०६ साली सय्यद रॉस मसूद या हिंदी तरुणाला लॅटिन शिकवताना ते त्याच्या प्रेमात पडले. मसूद यांच्याकडून त्यांना मैत्री मिळाली, प्रेमाचा प्रतिसाद मात्र मिळाला नाही. या मैत्रीनेच त्यांना १९१२ साली प्रथम हिंदुस्थानात आणले.

परतल्यावर १९१३ साली ते एडवर्ड कार्पेंटर यांना भेटले. कार्पेंटर एकेकाळी अँग्लिकन चर्चचे दीक्षित धर्मगुरू होते. १८७४ साली त्यांनी ती दीक्षा सोडली आणि पुढे जॉर्ज मेरिल या सोबत्यासह ते उघडपणे एका खेड्यात राहू लागले. लपवाछपवीशिवायही असे आयुष्य जगता येते, हे फॉर्स्टर यांनी तेथे प्रथम पाहिले आणि ‘मॉरिस’ ही कादंबरी लिहावयास घेतली. तिच्यातील क्लाइव्ह हा लहानपणी अत्यंत भाविक आहे. देवापर्यंत पोहोचण्याची त्याची तळमळ खरी आहे. परंतु बायबलातील सदोम नगराची कथा वाचून आपण शापित आहोत, अशी त्याची खात्री पटते. आपला स्वभाव आणि आपला देव यांतून एकाचीच निवड करण्याची वेळ त्या पोरवयात त्याच्यावर येते आणि अखेर तो देवाला सोडतो. फॉर्स्टर यांनी ही व्यथा आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाच्या मुखी घातली; पण तिची दाहकता ऐकीव वाटत नाही. कादंबरी १९१४ साली पूर्ण झाली आणि लेखकाच्या हयातीत छापली गेली नाही.

या पार्श्वभूमीवर देवासचा मुक्काम पाहावा लागतो. देवासचे राज्य पवार घराण्याच्या दोन पात्यांमध्ये विभागले होते. फॉर्स्टर थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांच्याकडे आले. तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे जामात. त्यांचे एकेकाळचे शिक्षक माल्कम डार्लिंग हे फॉर्स्टर यांचे केंब्रिजचे मित्र. त्यांच्यामुळेच १९१२ च्या नाताळात पहिली ओळख झाली होती. दरबारचा कारभार विस्कळीत होता, हिशेब जुळत नव्हते, अर्धवट बांधलेला वाडा ढासळत होता. पण महाराजांचा जिव्हाळा अकृत्रिम होता.

याच काळात फॉर्स्टर यांनी आपली लैंगिक प्रवृत्ती महाराजांपुढे कबूल केली. विलायतेत या कबुलीने अब्रू आणि नोकरी दोन्ही गेली असती. तुकोजीरावांना नवल वाटले, त्यांनी प्रश्न विचारले. पण मित्राला दूर लोटले नाही. मात्र या प्रसंगाला केवळ उजळ बाजू नाही. वाड्यातील एका नोकराशी फॉर्स्टर यांचे जे संबंध आले, ते साहेब आणि सेवक यांचे होते, बरोबरीचे नव्हते. आपण त्याच्याशी क्रूरपणे वागलो, याची नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. ज्याला स्वतःला समाजाने दडपले, तोही दुसऱ्याला दडपू शकतो, हे त्या नोंदीने झाकलेले नाही.

ऑगस्टमध्ये गोकुळाष्टमी आली. जुन्या वाड्यात आठ दिवस उत्सव चालला. फॉर्स्टर अनवाणी, देशी पोशाखात, कपाळी गुलाल लावून त्या गर्दीत वावरले. टाळ-मृदंगाचा कल्लोळ, बाळकृष्णाचा पाळणा, लोण्याचा खेळ आणि देवापुढे देहभान विसरून नाचणारे महाराज, हे सारे त्यांनी आईला लांबलचक पत्रांतून कळवले. त्यांच्या नीटस इंग्रजी अभिरुचीला तो गोंधळ वाटला. पण देवापुढे मोकळेपणी हसता येते, ही गोष्ट त्यांच्या मनात रुतली. केंब्रिजमध्ये ख्रिस्ताच्या चरित्रात त्यांना जे सापडले नव्हते, ते मराठी दरबारातील अष्टमीच्या रात्री दिसले. त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला नाही. पण धर्माकडे तुच्छतेने पाहणेही त्यांना पुढे जमले नाही.

१९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये हा अनुभव उतरला. तिच्यात दोन ख्रिस्ती मिशनरी आहेत. दोघेही गरिबीत राहणारे, साहेबांच्या क्लबाची पायरी न चढणारे सज्जन. देवाच्या घरात सर्वांसाठी जागा आहे, असे ते शिकवतात. मग माकडांना जागा आहे का, कोल्ह्यांना आहे का, अशी विचारणा होते. त्यांतील तरुण मिशनरी माकडांपर्यंत उदार होतो. पण गांधीलमाशीपाशी तो अडखळतो. पुढे निवडुंग आणि चिखल यांची नावे निघताच त्याला वाटते, कोणाला तरी बाहेर ठेवलेच पाहिजे, एरवी आपल्या हाती काहीच उरणार नाही.

कादंबरीच्या शेवटच्या भागात देवासच्या उत्सवावर बेतलेला प्रसंग येतो. तुकारामांच्या नावाचा गजर चालू असताना प्राध्यापक गोडबोले यांना मिसेस मूर या ख्रिस्ती वृद्धेची आठवण येते आणि पाठोपाठ कधीतरी पाहिलेल्या एका गांधीलमाशीची. दोघींनाही ते मनोमन देवापाशी नेऊन पोहोचवतात. माशी ज्या दगडावर बसली होती, त्या दगडालाही सामावून घेण्याचा ते प्रयत्न करतात, पण ते त्यांना साधत नाही. एका धर्माचे दार अरुंद आणि दुसऱ्याचे सताड उघडे, असा निवाडा फॉर्स्टर येथे देत नाहीत. प्रेम सर्वांना कवेत घेऊ पाहते आणि कोठेतरी थकते, एवढेच ते दाखवतात. दाराबाहेर राहणे म्हणजे काय, हे जाणणाऱ्याने हा प्रसंग लिहिला आहे.

पुढच्या आयुष्यात चर्चशी त्यांनी वैर धरले नाही. १९३४ साली आपल्या गावच्या चर्चच्या दुरुस्तीनिधीसाठी त्यांनी लोकनाट्याची संहिता लिहिली. १९५६ साली मेरियन थॉर्नटन यांचे चरित्र लिहून त्या भाविक आजीचे ऋण फेडले. १९३० पासून बॉब बकिंगहॅम हा पोलीस शिपाई आणि पुढे त्याची पत्नी मे यांच्याशी जडलेले नाते अखेरपर्यंत टिकले. माणसामाणसांतील जिव्हाळा हीच त्यांची श्रद्धा ठरली. त्यांचे तरुण मित्र कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी नेमकी उलट वाट धरली. तेही समलिंगीच, पण तारुण्यात सोडलेल्या चर्चमध्ये १९४० साली न्यूयॉर्कला ते परतले आणि शेवटपर्यंत उपासनेला जात राहिले. दोघांचा स्नेह या भेदाने आटला नाही.

१९५७ साली वुल्फेंडन समितीने कायदा सौम्य करण्याची शिफारस केली. तिची अंमलबजावणी होण्यास १९६७ साल उजाडले. कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्से यांनी त्या सुधारणेला पाठिंबा दिला, हे विसरता येत नाही. १९६८ साली लॉस एंजेलिस येथे ट्रॉय पेरी यांनी बारा जणांच्या उपस्थितीत समलिंगी भाविकांसाठी एका चर्चचा आरंभ केला. ७ जून १९७० रोजी कॉव्हेंट्री येथे बकिंगहॅम दांपत्याच्या घरी फॉर्स्टर यांनी देह ठेवला. ‘मॉरिस’ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली.

भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून मुक्त केले. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने विवाहाची व्याख्या तशीच ठेवून समलिंगी जोडप्यांना साधा आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना दिली. कायद्याचे दार उघडले, चर्चचे किंचित किलकिले झाले. पण रविवारी मिस्साला शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एखाद्या तरुणापुढे क्लाइव्हचा प्रश्न आजही उभा असतो : आपला स्वभाव आणि आपला देव यांतून एकच निवडायचा का? कार्पेंटर यांनी दीक्षा सोडली, ऑडेन परतले, पेरी यांनी नवे घर बांधले, फॉर्स्टर उंबरठ्यावर थांबले. या चौघांपैकी कोणाचीही वाट सोपी नव्हती. ती निवड त्यांच्यावर लादणारे मात्र देव नव्हते, माणसेच होती.